गॅलरीतील ऊन आणि कुंडीतील माती

२५ मार्च २०२० पासून कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी सुरू झाली. प्रारंभी एकवीस दिवसांची म्हणून जाहीर झालेली ही बंदी टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन ३१ मे रोजी संपली. एकंदर अडुसष्ट दिवस झाले. या काळात हातावर पोट असलेली लक्षावधी माणसे शहरे सोडून पायी गावाकडे निघाली. त्यांच्या हालअपेष्टांची कथा निराळी आहे, आणि तिच्यापुढे शहरी बागेची गोष्ट किरकोळ वाटली तर त्यात नवल नाही. तथापि ज्यांच्या डोक्यावर छप्पर होते, पगार चालू होता आणि खिडकीबाहेर हात-दोन हात जागा होती, अशा अनेक कुटुंबांनी त्या अडुसष्ट दिवसांत एक नवा उद्योग हाती घेतला. भाजीच्या गाड्या अनियमित येत होत्या. आपले अन्न कोठून येते, हा प्रश्न पुष्कळांना प्रथमच पडला होता. त्यांनी घरच्या घरी काही पिकविण्याचे ठरविले, आणि पडद्यावरून मिळणाऱ्या धड्यांच्या आधारे ते ‘पर्माकल्चर’ नावाचे शास्त्र शिकू लागले.

पहिली अडचण बियांची होती. शहरांतील रोपवाटिका बंद होत्या. तेव्हा स्वयंपाकघरातील डबे उघडले गेले, आणि वनस्पतिशास्त्राचा पहिला धडा तेथेच मिळाला. मेथी व मोहरी तीन-चार दिवसांत उगवून आली. धणे मात्र कित्येकांचे वाया गेले. धणा म्हणून आपण जो दाणा ओळखतो तो बी नसून फळ असतो. त्याच्या पोटात दोन बिया असतात. तो हलकेच रगडून दोन फाकी केल्या आणि रात्रभर भिजवून पेरला, तर कोथिंबीर आठ-दहा दिवसांत वर येते. अख्खे मूग व चवळी रुजतात, पण तुरीची डाळ कितीही पाणी घातले तरी रुजत नाही. कारण डाळ भरडताना दाण्याची दोन दले वेगळी होतात आणि त्यांच्या सांध्यावरील अंकुर निखळून पडतो. सडलेल्या तांदळाचीही तीच गत. टोमॅटोच्या बियांभोवती जो बुळबुळीत थर असतो, त्यात उगवण रोखून धरणारी द्रव्ये असतात. बिया गरासकट पाण्यात दोन दिवस आंबू दिल्या व मग धुऊन वाळविल्या, तर त्या चांगल्या उगवतात. बाजारातील बहुतेक टोमॅटो संकरित जातीचे असल्यामुळे पुढील पिढीत फळे आईसारखी येतीलच असा भरवसा नसतो, हे मात्र शिकणाऱ्यांना जुलैपर्यंत कळावयाचे नव्हते.

पर्माकल्चर हा शब्द इंग्रजीतील ‘कायम’ आणि ‘शेती’ या अर्थांच्या दोन शब्दांच्या जोडणीतून बनला आहे. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर बिल मॉलिसन (१९२८–२०१६) आणि त्यांचे तरुण सहकारी डेव्हिड होमग्रेन यांनी ही कल्पना विकसित केली व १९७८ मध्ये तिच्यावरील पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. अरण्यात कोणी नांगरीत नाही, खत घालीत नाही, तरी ते वर्षानुवर्षे उभे राहते. कारण तेथे एकाचा टाकाऊ भाग दुसऱ्याचे अन्न असतो आणि उंच झाडापासून कंदापर्यंत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. माणसाने आपली शेती, घर आणि पाण्याची व्यवस्था याच धर्तीवर आखावी, हे या शास्त्राचे मध्यवर्ती सूत्र होय. ते अगदीच नवे होते असे नव्हे. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ फ्रँकलिन किंग यांनी चीन, कोरिया व जपान येथील शेती पाहून लिहिलेल्या १९११ च्या ग्रंथात ‘कायम शेती’ हाच शब्दप्रयोग केला होता. आपल्याकडे इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ नंतरच्या काळात शेतीतील काडीकचरा, शेण व माती यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत बसविली. तिची माहिती देणारा १९३१ चा ग्रंथ त्यांनी त्याच संस्थेतील यशवंत वाड यांच्यासह लिहिला. या मराठी नावाचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही, म्हणून तो येथे मुद्दाम केला आहे.

भारतात पर्माकल्चरचे बीज पडले ते दख्खनच्या पठारावर. १९८७ मध्ये मॉलिसन स्वतः भारतात शिकवावयास आले. हैदराबादच्या पश्चिमेस जहीराबादजवळ पस्तापूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या प्रयत्नांतून या पद्धतीचे शेत उभे राहिले. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषदही हैदराबादेत भरली. म्हणून टाळेबंदीतील शिकाऊ बागाइतदाराचे उदाहरण घ्यावयाचे, तर ते हैदराबादेतील एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरचे घेणे उचित ठरेल.

पर्माकल्चरचा प्रचलित अभ्यासक्रम ७२ तासांचा असतो. पूर्वी तो शेतावर राहून, सुमारे दोन आठवड्यांत पुरा करावा लागे. २०२० मध्ये अनेक शिक्षकांनी तो पडद्यावर आणला. होमग्रेन यांनी २००२ मध्ये या शास्त्राची बारा तत्त्वे मांडली. त्यांतील पहिले ‘निरीक्षण करा’ असे सांगते. जमीन हाती आली की लगेच कुदळ मारू नये; ऊन कोठून येते, वारा कोणत्या दिशेने वाहतो, पाणी कोठे साचते, हे शक्यतो सर्व ऋतूंत पाहावे आणि मगच आखणी करावी. नोकरीधंद्याच्या माणसाला हे तत्त्व एरवी पाळता येणे कठीण. सकाळी आठला घर सोडून रात्री परतणाऱ्याला आपल्या गॅलरीत दुपारी ऊन असते की सावली, हे ठाऊकच नसते. टाळेबंदीने त्याला सक्तीने निरीक्षक बनविले.

आणि निरीक्षणाचा तो काळही विलक्षण होता. हैदराबाद सुमारे १७.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मार्चअखेर सूर्य विषुववृत्ताच्या जरासा उत्तरेस असतो. पंचांगाच्या भाषेत त्याची क्रांती दोन अंशांच्या आसपास असते. म्हणून २५ मार्चला दोन प्रहरी हैदराबादेत सूर्य डोक्यावरील बिंदूपासून सुमारे साडेपंधरा अंश दक्षिणेकडे कललेला होता. दक्षिणाभिमुख गॅलरी असेल, कठडा जाळीचा असेल आणि वरच्या मजल्याची स्लॅब जमिनीपासून २.८ मीटर उंचीवर असेल, तर त्या दिवशी ऊन स्लॅबच्या कडेच्या रेषेपासून आत सुमारे पाऊण मीटर येई. शिकणाऱ्याने ती उन्हाची पट्टी पाहिली आणि आनंदाने टोमॅटो व मिरचीच्या कुंड्या तेथे मांडल्या.

२४ एप्रिलला हीच पट्टी जेमतेम वीतभर उरली. ९ मे रोजी ती नाहीशी झाली, कारण त्या दिवशी हैदराबादेत सूर्य माध्यान्ही नेमका डोक्यावर आला. उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच लपली. यालाच ‘शून्य सावलीचा दिवस’ म्हणतात. त्यानंतर सूर्य आणखी उत्तरेस सरकला, आणि येथे एक गोष्ट अशी घडते की जी शाळेत भूगोल शिकूनही पुष्कळांच्या ध्यानात आलेली नसते. सूर्याची क्रांती गावाच्या अक्षांशापेक्षा जास्त झाली की सूर्य उगवतो उत्तरेच्या बाजूला, दिवसभर उत्तरेच्याच बाजूस राहतो आणि मावळतोही तिकडेच. हैदराबादेत ९ मेपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन असे लागतच नाही. याउलट ज्या उत्तरेच्या खिडकीला ‘येथे काही उगवणार नाही’ म्हणून वगळले होते, तेथे मेच्या अखेरीस सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येऊ लागते, कारण तेव्हा सूर्य पूर्वेच्या सुमारे २३ अंश उत्तरेस उगवतो.

हा दिवस गावागणिक बदलतो. बंगळूरला तो एप्रिलच्या २४ तारखेच्या सुमारास येतो, मुंबईला मेच्या मध्यास, नागपूरला २६ मेच्या आसपास. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे तेथे माध्यान्हीचा सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. २१ जूनलाही तो पाचेक अंश दक्षिणेकडेच राहतो. म्हणून दिल्लीतील शिक्षकाने पडद्यावर काढलेली आकृती बंगळूरच्या गॅलरीला जशीच्या तशी लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियात लिहिलेल्या पुस्तकांतील आकृत्यांची गोष्ट तर विचारूच नये. तेथे हिवाळ्याचे ऊन उत्तरेकडून येते.

ज्यांनी दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात रोजच्या उन्हाची वेळ टिपून ठेवली, त्यांना मेच्या मध्यास आपले टोमॅटो का लांबलचक व फिकट झाले, याचे उत्तर मिळाले. ज्यांनी टिपली नाही, त्यांनी खत कमी पडले असे समजून आणखी खत घातले. टोमॅटो, वांगी, मिरची यांना दिवसाचे निदान सहा तास थेट ऊन हवे. पालक, मेथी, कोथिंबीर तीन-चार तासांवर भागवितात. मेच्या चाळीस अंशांच्या उष्म्यात तर त्यांना सावलीच मानवते. पुदिना, अळू आणि आले यांना अर्धवट सावली आवडते. जुन्या घरांत मोरीच्या पन्हाळीपाशी अळू का लावीत, हेही मग उमगते. तेथे ऊन बेताचे असे, ओल कायम असे, आणि सांडपाणी आपोआप उपयोगी पडे. तेथे पर्माकल्चर हे नाव कोणास ठाऊक नव्हते एवढेच.

दुसरा धडा मातीचा. कुंडीत अंगणातील माती भरली की ती चार पाण्यांत विटेसारखी घट्ट होते, शिवाय जड असते. गच्चीवर वाफे करण्याच्या उत्साहात हा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटला. ओल्या मातीच्या एका घनमीटरचे वजन सुमारे १७०० किलो भरते. तेव्हा एक फूट जाडीचा वाफा दर चौरस मीटरला पाचशे किलोंच्या घरात जातो. ज्या गच्चीवर माणसांची ये-जा असते, तिच्यासाठी भारतीय मानकांनी धरलेला वापराचा भार दर चौरस मीटरला साधारण १५० किलो आहे. म्हणजे असा वाफा त्याच्या तिपटीहून अधिक होतो. गच्चीवरील बागेस माती थोडी व पालापाचोळ्याचे खत अधिक असे हलके मिश्रण हवे, आणि जड कुंड्या खांब व तुळयांच्या रेषेवर ठेवाव्यात. मोठे वाफे करण्यापूर्वी इमारतीच्या अभियंत्याला विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

हे हलके मिश्रण आणावयाचे कोठून? दुकाने बंद होती, पण कचरा घरातच तयार होत होता. चार माणसांच्या घरात भाजीची देठे, साली, चहाचा चोथा मिळून दिवसाला अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. पाऊण किलो धरला तरी टाळेबंदीच्या अडुसष्ट दिवसांत तो एक्कावन्न किलो झाला. भोके पाडलेल्या बादलीत वा माठात तो साठविण्यास अनेकांनी आरंभ केला आणि आठवड्याभरात त्यातल्या निम्म्यांनी नाक दाबून तो बाहेर फेकला.

दुर्गंधीचे कारण रसायनशास्त्रात आहे. कचरा कुजविणारे सूक्ष्मजीव कर्ब हा इंधन म्हणून जाळतात आणि नत्र घेऊन स्वतःचे शरीर बांधतात. त्यांना नत्राच्या एका भागास कर्बाचे सुमारे तीस भाग लागतात. भाजीच्या कचऱ्यात हे प्रमाण पंधरा ते वीसच भरते. म्हणजे नत्र जास्त, कर्ब कमी. जास्तीचे नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते आणि नाकाला झोंबते. शिवाय ओला कचरा दबून बसला की आत हवा शिरत नाही. मग प्राणवायूवाचून जगणारे जंतू बळावतात आणि कुजक्या अंड्याचा वास सुटतो. यावर उपाय वाळलेल्या पानांचा. त्यांत कर्बाचे प्रमाण पन्नास-साठपट असते, आणि ती भुसभुशीत असल्यामुळे हवाही खेळते. ओल्या कचऱ्याच्या एका मापास सुक्या पानांची दोन-तीन मापे घातली की वास थांबतो. पिंपळ, कडुनिंब यांची पानगळ फाल्गुन-चैत्राच्या सुमारास होते. टाळेबंदी सुरू झाली तेव्हा इमारतींच्या आवारांत या पानांचे ढीग पडलेले होते, आणि एरवी ते पेटवून देणारे हात त्या वर्षी कामावर येऊ शकत नव्हते.

ओल किती असावी, हे पडद्यावरून शिकविता येत नाही. मूठभर मिश्रण घट्ट दाबले असता बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा, हे प्रमाण योग्य. धार लागली तर पाने घालावीत. मूठ उघडताच ढेकूळ फुटले तर पाणी शिंपडावे. खत तयार झाल्याची खूण वासाने पटते. पहिल्या पावसानंतर मातीला जो गंध येतो तो मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस नामक सूक्ष्मजीवांनी बनविलेल्या जिओस्मिन या द्रव्याचा असतो. उत्तम खतालाही तोच गंध येतो. एक्कावन्न किलो कचऱ्याचे शेवटी बारा-तेरा किलो खत उरते. बाकीचे वजन पाण्याची वाफ आणि कर्बवायू होऊन गेलेले असते.

एप्रिलच्या अखेरीस बादलीत करड्या रंगाच्या जाड अळ्या वळवळू लागल्या, आणि घरोघरी हाहाकार उडाला. साथीच्या दिवसांत घरात किडे, ही कल्पनाच सहन होण्याजोगी नव्हती. कित्येकांनी त्यांवर उकळते पाणी ओतले. वास्तविक या अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. मूळची अमेरिका खंडातील ही माशी आता जगातील उष्ण प्रदेशांत सर्वत्र आढळते. ती घरमाशीप्रमाणे अन्नावर घोंघावत नाही; प्रौढ माशी चावत नाही, आणि जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगते. तिची अळी मात्र कचऱ्याचा फडशा पाडते. या अळ्या ज्या बादलीत असतात तेथे घरमाशीची वाढ खुंटते. पूर्ण वाढल्यावर त्या काळ्या पडून आपण होऊन बादलीबाहेर सरपटतात आणि कोरडी, अंधारी जागा शोधतात. बादलीवर पानांचा जाड थर ठेवला तर त्यांचा त्रास बराच कमी होतो.

आता या सर्व खटाटोपातून अन्न किती मिळाले, याचा रोकडा हिशेब करावयास हवा; कारण ‘आपली भाजी आपणच पिकवू, बाजाराची गरज नाही’ असे उद्गार त्या दिवसांत वारंवार ऐकू येत. पालकाचे चांगले पीक हेक्टरी दहा ते पंधरा टन येते, म्हणजे चौरस मीटरला एक ते दीड किलो. गॅलरीत कुंड्यांची एकूण जागा दोन चौरस मीटर धरली, तर सुमारे सहा आठवड्यांत दोन-तीन किलो भाजी मिळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे माणशी रोज निदान ४०० ग्रॅम भाजी व फळे खावीत, चौघांना १.६ किलो लागतात. गॅलरीचे सहा आठवड्यांचे उत्पन्न दोन दिवसांत संपते. धान्याचा विचार केला तर चित्र आणखी स्पष्ट होते. एका माणसाला वर्षाला शंभर-एकशेदहा किलो धान्य लागते, आणि आपल्याकडे चौरस मीटरला तांदूळ पाव किलोच्या आसपास पिकतो. म्हणजे एका माणसामागे चारशे चौरस मीटर जमीन हवी. गॅलरी ही शेताची जागा घेऊ शकत नाही. कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, चार मिरच्या एवढ्यापुरती तिची मदत खरी, आणि कचऱ्याच्या बाबतीत ती त्याहून पुष्कळ अधिक.

मॉलिसन यांच्या आखणीत हा विवेक मुळातच आहे. घर हा केंद्रबिंदू धरून ते भोवतालच्या जमिनीचे पट्टे पाडतात. रोज दहा वेळा हात लागावा अशा पालेभाज्या व मसाल्याची रोपे दाराशी. आठवड्यातून दोनदा पाहावे लागते असे फळझाड त्यापलीकडे. धान्याचे शेत आणखी दूर. आणि सर्वांत बाहेर जेथे माणसाने केवळ शिकावयास जावे असे अरण्य. शहरी माणसाजवळ यांतला पहिला पट्टा तेवढा असतो. उरलेले पट्टे दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमावर उभे असतात.

ते श्रम कोणाचे, हे जहीराबादच्या भागात त्याच दिवसांत दिसून आले. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३ पासून तेथील गरीब, बहुतांशी दलित स्त्रियांच्या संघांबरोबर काम करीत आली आहे. या स्त्रिया पावसावरच्या थोड्याशा जमिनीत ज्वारी, बाजरी, राळा, तूर, मूग, जवस अशी अनेक पिके एकत्र घेतात आणि पुढील वर्षाचे बी घरीच राखतात. २०१९ मध्ये त्यांच्या कार्यास संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला होता. टाळेबंदीत शहरे भाजीसाठी कासावीस झाली असताना या स्त्रियांच्या घरी धान्य होते, आणि त्यांनी रस्त्यावर काम करणाऱ्या पोलीस, सफाई व आरोग्य कर्मचाऱ्यांना भरडधान्याची आंबील पुरविली. हैदराबादेच्या गॅलरीत जे शास्त्र पडद्यावरून शिकले जात होते, त्याचे जाणते तेथून फार दूर नव्हते.

१ जून २०२० रोजी मोसमी पाऊस केरळात पोहोचला. त्याच सुमारास निर्बंध सैल होऊ लागले, आणि माणसे हळूहळू कामावर परतली. पुष्कळ कुंड्या कोरड्या पडल्या. काहींच्या बादल्या कचऱ्यासह गच्चीवर विसरल्या गेल्या. ज्या घरांत त्या चालू राहिल्या, तेथे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य पुन्हा एकदा डोक्यावर आला आणि ढगाळ दिवसांच्या अधूनमधून दक्षिणेच्या गॅलरीच्या कठड्यापाशी उन्हाची बारीक कड दिसू लागली. मे महिन्यात पुरलेल्या आल्याला तेव्हा गुडघाभर पाने होती. ते खणावयास अजून जानेवारी उजाडावयाचा होता.